चौसष्टातल्या उरलेल्या तीन: वासा जहाजाच्या तोफेची गोष्ट

स्टॉकहोमच्या वासा म्युझियममध्ये आत शिरलं की माणूस आधी मान वर करूनच उभा राहतो, कारण समोर अख्खंच्या अख्खं लाकडी लढाऊ जहाज असतं, १६२८ सालचं, नाळेवरच्या दांड्यासकट ६९ मीटर लांब, आणि आत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला त्यामुळे ते अजूनच अंगावर येतं. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर जहाजच बघत होतो. पण दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तोफेपाशी थांबलो आणि तिथून हललोच नाही, कारण ती तोफ नीट समजून घेतली की जहाज का बुडालं, त्या काळी धातूला काय किंमत होती, माणसं पाण्याखाली कशी उतरायची, आणि म्युझियममध्ये एखादी वस्तू पोचते म्हणजे नेमकं काय होतं, हे सगळं तिच्यातूनच उलगडत जातं.

आकडा सुरुवातीलाच सांगतो. वासावर एकूण ६४ तोफा होत्या. त्यातल्या ४८ मोठ्या, एकाच मापाच्या, आणि बाकीच्या छोट्या. जहाज १९६१ मध्ये वर काढलं तेव्हा ह्या ४८ मोठ्या तोफांपैकी फक्त ३ मिळाल्या. बाकीच्या कुठे गेल्या? गंजल्या नाहीत, फुटल्या नाहीत, कोणी तळाशी विसरलंही नाही. त्या तीनशे वर्षांपूर्वीच बाहेर काढून विकून टाकल्या होत्या. ते कसं, ते पुढे येईलच.

ह्या मोठ्या तोफांना चोवीस पौंडी म्हणतात. पुष्कळांना वाटतं हे तोफेचं वजन, पण नाही, हे गोळ्याचं वजन. जो गोळा ती फेकते तो २४ पौंडांचा. स्वीडिश पौंड आपल्याला माहीत असलेल्या इंग्रजी पौंडापेक्षा थोडा हलका होता, ४२५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गोळा झाला साधारण १० किलोचा. ओतीव लोखंडाचा भरीव गोळा, पपनसाएवढा, एका हातात उचलून बघा म्हटलं तर मनगट दुखेल. तो आत फुटायचा वगैरे नाही, त्यात दारू नसायचीच, नुसत्या वेगाने जाऊन आदळायचं एवढंच त्याचं काम. तोफेच्या नळीचा व्यास १४६ मिलिमीटर, आणि तोफेचं स्वतःचं वजन साधारण सव्वा टन. ४८ मोठ्या आणि वरच्या बारक्या मिळून सगळा तोफखाना ७१ टनांचा. म्हणजे नुसतं तोफांचं ओझं ७१ टन, त्यात गोळे, दारू, गाडे काहीच धरलेलं नाही.

आता धातू. ही तोफ लोखंडाची नाही, काशाची आहे. आपल्याकडे आजीच्या हातात असायची ना, तूप लावून तळपाय घासायची काशाची वाटी, त्याच कुळातला धातू, तांबं आणि कथील. फरक प्रमाणाचा. वाटीत किंवा घंटेत कथील बरंच जास्त असतं, म्हणून त्या टणक होतात आणि खणखणीत वाजतात, पण ठिसूळपणाही येतो. तोफेला ठिसूळपणा चालत नाही, म्हणून तोफेत साधारण दहा भागात नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, भीमाशंकरला आहे ती लोकांनी बघितली असेल. घंटा ओतणारे आणि तोफा ओतणारे युरोपात पुष्कळदा एकच कारागीर असायचे, कारण भट्टी तीच, माती तीच, कौशल्य तेच.

मग लोखंड का नाही? लोखंड तर स्वस्त होतं, आणि स्वीडनमध्ये लोखंडाची काही कमी नव्हती. कारण असं की ओतीव लोखंडाची तोफ फुटते तेव्हा एकदम फुटते, आधी काही कळत नाही, आणि तुकडे आपल्याच माणसांवर. काशाची तोफ चिवट असते, जास्त ताण आला तर आधी फुगते, चिरते, म्हणजे गोलंदाजाला इशारा मिळतो. चिवट असल्यामुळे तिच्या भिंती पातळ ठेवता येतात, आणि जहाजावर प्रत्येक मणाचा हिशोब असतो. वासाच्या चोवीस पौंडी तर त्या काळच्या मानाने मुद्दाम हलक्या बनवलेल्या, नव्या घाटाच्या होत्या. शिवाय समुद्राची खारी हवा लोखंड खाते, काशाला फार काही करत नाही. फक्त किंमत. कासं लोखंडाच्या कितीतरी पट महाग. पण स्वीडनच्या राजाकडे फालूनची तांब्याची खाण होती, त्या काळी युरोपातलं तांबं मुख्यतः तिथूनच यायचं, त्यामुळे राजाला परवडत होतं. ही किंमत लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट ह्या किमतीवरच फिरते.

ह्या तोफा स्टॉकहोममध्येच राजाच्या ओतशाळेत ओतल्या, ओतणारा मेदार्दुस गेसुस नावाचा कारागीर. काम कसं चालायचं ते सांगतो, कारण म्युझियममध्ये तोफेसमोर उभं राहिलं की ते डोळ्यापुढे यायला हवं. आधी एक लांब लाकडी दांडा घ्यायचा, त्याला दोरखंड गुंडाळायचा, त्यावर मातीचे थर देत देत अख्खी तोफ मातीचीच बनवायची, बाहेरून जशी दिसायला हवी तशी. त्यावर राजचिन्हाची नक्षी बसवायची, बहुतेक मेणाची. मग ह्या मातीच्या तोफेवर अजून मातीचे थर, बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळायचं, खालून जाळ करून भाजायचं, आणि मग आतली मातीची तोफ फोडून बाहेर काढायची. मागे राहतो पोकळ साचा. त्यात मधोमध नळीच्या जागी एक लांब गाभा उभा करायचा, साचा खड्ड्यात उभा पुरायचा, तोंड वर आणि बूड खाली, आणि वरून वितळलेला रस ओतायचा. बूड खाली का, तर दारू बुडाशी पेटते, तिथे धातू सगळ्यात घट्ट हवा, आणि वरून भरलेल्या रसाचं वजन खालच्याला दाबून धरतं. वर थोडा जादा रसही ओतायचा, मळ आणि बुडबुडे त्यात येतात, नंतर तो भाग कापून टाकायचा.

आणि मग साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच तोफ. एकाच मापाच्या ४८ तोफा हव्यात म्हणजे हे सगळं ४८ वेळा. आपल्याकडे विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, ती कितीतरी अजस्र आहे, पण ती एकच. वासाच्या तोफांचं विशेष वेगळं, एका जहाजाला जवळपास सगळ्या मोठ्या तोफा एकाच जातीच्या, म्हणजे गोळा एकच, दारूचं माप एकच, शिक्षण एकच. तोपर्यंत जहाजांवर मिळेल त्या तोफा बसवायचे, लढाईत लुटलेल्या, जुन्या, दहा मापांच्या, आणि घाईत चुकीचा गोळा हाताला आला की झालं. राजा गुस्ताव्ह दुसरा आडोल्फ पोलंडशी लढत होता आणि त्याला एका बाजूने २४ तोफा एकदम धडाडणारं जहाज हवं होतं. विचार जबरदस्त होता, मला तरी तो राजाचा हट्ट वगैरे वाटत नाही, पुढे शंभर-दीडशे वर्षं युरोपातली आरमारं ह्याच दिशेने गेली.

जहाज मात्र त्या विचाराला पुरं पडलं नाही. तारीख १० ऑगस्ट १६२८, रविवार, दुपार सरताना वासा पहिल्यांदा निघालं. (शिवरायांचा जन्म व्हायला अजून दीड वर्ष होतं, एवढं ध्यानात घेतलं की काळ लगेच जवळ येतो.) दहा शिडांपैकी चारच उभारलेली, वारा बेताचा. मानवंदनेच्या तोफा उडाल्या, त्यामुळे तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या. एका झोतात जहाज कललं, सावरलं, दुसऱ्या झोतात इतकं कललं की खालच्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं, आणि जेमतेम १३०० मीटर गेलेलं जहाज किनाऱ्यावरच्या गर्दीच्या डोळ्यांदेखत ३२ मीटर खोल तळाशी जाऊन बसलं. तीसेक माणसं गेली.

लोक सरळ म्हणून टाकतात की तोफा जास्त झाल्या म्हणून बुडालं. हे अर्धंच खरं आहे. हिशोब करा, जहाजाचं एकूण वजन १२०० टनांच्या आसपास, त्यात तोफा ७१ टन. खरा दोष बांधणीत होता, पाण्यावरचा भाग फार जड आणि उंच, पाण्याखालचं पोट त्या मानाने लहान. दोन मजले तोफांचे म्हणून मजले मजबूत करायला जाडजूड लाकूड वापरलं, ते सगळं वजन वर चढलं. डोक्यावर भरलेला हंडा, त्यावर कळशी, आणि पाय मात्र जुळवून उभं राहायचं, तसं. मग तळाशी निरम वाढवायचं ना, म्हणजे ते दगड भरतात ते? भरलं होतं, १२० टनांच्या आसपास. आणि अजून भरलं असतं तर जहाज अजून खाली बसलं असतं आणि खालच्या तोफांच्या खिडक्या, ज्या आधीच पाण्यापासून फार वर नव्हत्या, त्या पाण्याला टेकल्या असत्या. म्हणजे कमी भरा तरी धोका, जास्त भरा तरी धोका. निघायच्या आधी धक्क्यावर तीस माणसांना ह्या बाजूकडून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली होती, तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोलायला लागलं की अॅडमिरलने ती थांबवायला सांगितली. थांबवली ती चाचणी, जहाज नाही. हे वाचून मला अजूनही त्रास होतो.

चौकशीत कॅप्टनला विचारलं, तोफा नीट बांधल्या नव्हत्या का, सुटून एका बाजूला घरंगळल्या का. त्याने सांगितलं, एकही सुटी असली तर माझे हजार तुकडे करा. शिक्षा शेवटी कोणालाच झाली नाही, जहाज बांधायला घेणारा डच मिस्त्री हेन्रिक हिबर्टसन आदल्या वर्षीच वारला होता. कॅप्टनचं बोलणं खरं होतं असं मी म्हणेन, कारण ३३३ वर्षांनी जहाज वर आलं तेव्हा खालच्या मजल्यावर तोफांचे ओकचे गाडे ओळीने आपापल्या जागी उभे होते. गाडे होते, वर तोफा नव्हत्या.

आता तोफा गेल्या कुठे ते. जहाज बुडाल्यावर लगेच लोकांनी प्रयत्न सुरू केले. इयान बुल्मर नावाचा इंग्रज पहिला, त्याने कललेलं जहाज बरंचसं सरळ केलं, पुढे जमलं नाही. अख्खं जहाज उचलणं त्या काळी शक्यच नव्हतं. पण हळूहळू सगळ्यांना उमगलं की खरा पैसा लाकडात नाही, काशात आहे. १६६० च्या दशकात आल्ब्रेख्त फॉन ट्राइलेबेन हा स्वीडिश माणूस आणि आंद्रेआस पेकेल हा जर्मन, ह्या दोघांनी हे काम डायव्हिंग बेल घेऊन केलं.

डायव्हिंग बेल म्हणजे काय, ते घरी करून बघता येतं. बादलीत पेला उलटा, अगदी सरळ धरून, खाली दाबा. आतली हवा आतच राहते, पेल्याचा वरचा भाग कोरडा. एवढीच युक्ती, फक्त पेल्याच्या जागी शिशाची जड घंटा, उंची सव्वा मीटर, आणि तिच्याखाली लोंबकळणारी शिशाची पाटी, पाणबुड्याने तिच्यावर उभं राहायचं, डोकं आणि छाती घंटेतल्या हवेत. पण पेला बादलीत दाबतो तेवढं ते सोपं राहत नाही. तीस मीटरवर दाब वरच्या चौपट होतो, म्हणजे घंटेतली हवा दबून पाव जागेत मावते, पाणी वर वर चढत येतं, आणि त्या पाव जागेतल्या हवेवर माणसाने श्वास घ्यायचा. खाली काळोख. पाणी बर्फासारखं गार. अंगावर चामड्याचा पोशाख, हातात आकड्याची लांब काठी. ह्या अवस्थेत चाचपडत तोफ शोधायची, तिला धरून ठेवणारे दोर तोडायचे, गाड्यातून सोडवायची, दोर अडकवायचा, आणि वरच्या होड्यांतल्या माणसांनी ती सव्वा टनाची तोफ खिडकीतून ओढून बाहेर काढायची. वरच्या मजल्याच्या तोफा घेऊन झाल्यावर खालच्यांपर्यंत पोचायला जहाजाच्या फळ्या उखडाव्या लागल्या.

फ्रान्चेस्को नेग्री नावाच्या एका इटालियन पाद्र्याने हे स्वतः उभं राहून बघितलं आणि लिहून ठेवलं, पाणबुड्या अर्ध्या तासाने वर आला तेव्हा थंडीने थडथडत होता. त्या पाणबुड्यांपैकी एकाचंही नाव कोणी आवर्जून सांगत नाही, कंत्राट ज्यांचं त्यांचीच नावं राहिली, आणि मला ही गोष्ट सांगताना सगळ्यात जास्त ती माणसं आठवतात.

१६६४ आणि १६६५ ह्या दोन वर्षांत ह्या लोकांनी पन्नासच्या वर तोफा काढल्या. त्याच १६६४ च्या नोव्हेंबरात इकडे मालवणला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी होत होती. इकडे समुद्रात दगड रचून आरमाराला घर बांधणं चालू, आणि तिकडे समुद्रातून तोफा उपसणं चालू. दोन्हीचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण काळ एकच, आणि समुद्राच्या कामात माणसाच्या हातांनी तेव्हा काय काय केलं ते शेजारी ठेवून बघावंसं वाटतं.

काढलेल्या तोफांपैकी ५३ तोफा १६६५ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेक बंदराकडे विकायला गेल्या. स्वीडनच्या आरमाराला तोपर्यंत त्या तीस-चाळीस वर्षं जुन्या घाटाच्या झाल्या होत्या. आणि इथेच जुन्या काशाच्या तोफांचं मोठं दुखणं आहे. लोखंडी तोफ निकामी झाली की धक्क्यावर खुंटा म्हणून पुरतात, किल्ल्यावर पडून राहते, म्हणून त्या आज जिथे तिथे दिसतात. काशाची तोफ पडून राहत नाही. ती म्हणजे टनभर तांबं, कधीही भट्टीत घाला, नवी तोफ ओता, घंटा ओता, नाणी पाडा. तिची किंमत हेच तिचं मरण. म्हणून त्या काळात हजारोंनी ओतल्या गेलेल्या तोफांपैकी ज्या आज म्युझियममध्ये आहेत त्यातल्या बऱ्याच बुडालेल्या जहाजांतल्या आहेत, कारण समुद्राने त्या माणसांच्या हातापासून लांब ठेवल्या. वासाच्या उरलेल्या तीन चोवीस पौंडी तशाच. पाणबुड्यांच्या हाताला लागल्या असत्या तर त्या आज नसत्या. काळोखात राहून गेल्या म्हणून राहिल्या.

मग जवळजवळ तीनशे वर्षं कोणी तिकडे फिरकलं नाही. १९५६ मध्ये आंदेर्स फ्रांझेन ह्या माणसाने, जो नोकरी सांभाळून छंद म्हणून बुडालेली जहाजं शोधत होता, एका पोकळ टोकाच्या वजनाने तळ टोचत टोचत काळ्या पडलेल्या ओकचा तुकडा वर आणला. पेर एडविन फेल्टिंग हा आरमाराचा पाणबुड्या खाली उतरला आणि त्याच्या हाताला तोफांच्या खिडक्यांच्या दोन ओळी लागल्या. दोन ओळी म्हणजे दोन मजले, म्हणजे वासाच. जहाजाखालून सहा बोगदे खणून दोर घातले, आणि २४ एप्रिल १९६१ ला ते पाण्याबाहेर आलं.

लाकूड टिकलं ह्याचं कारण बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट आहे, लाकूड पोखरणारा किडा त्यात जगत नाही. कोकणातल्या कोणाही होडीवाल्याला विचारा, आपल्या समुद्रात लाकूड तळाशी राहिलं तर किडा त्याचं काय करतो. पण लोखंड तिथेही टिकलं नाही. जहाजाचे हजारो लोखंडी बोल्ट गंजून नाहीसे झाले, त्यांच्या जागी नवे घालावे लागले, आणि त्या गंजाचा त्रास लाकडाला आजही होतो. कासं मात्र तसंच. कागदावर वाचलेला हा फरक तोफेपाशी गेल्यावर डोळ्यांना दिसतो. नळीवरच्या कडा अजून स्पष्ट, नक्षी वाचता येते, आणि बुडाकडे वरच्या अंगाला ते बारीक भोक, तोफेचा कान, ज्यात रंजक भरून बत्ती लावायची. शत्रूच्या तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी केल्या असं आपण इतिहासात वाचतो ना, तोच हा कान. करंगळीही जाणार नाही एवढं भोक, आणि सव्वा टनाची तोफ त्याच्यावर अवलंबून.

संशोधकांनी पुढे अजून एक फार चांगलं काम केलं. अस्सल तोफेवरून माप घेऊन तशीच नवी तोफ ओतली आणि २०१४ मध्ये कार्लस्कूगाला चाचणी मैदानावर प्रत्यक्ष उडवली. कार्लस्कूगा म्हणजे बोफोर्सचं गाव, आपल्या लष्कराच्या १५५ मिलिमीटर तोफा जिथून आल्या तेच. समोर वासाच्या भिंतीसारखी ओकची जाड भिंत बांधून उभी केली होती. गोळा तिच्यातून आरपार गेला. भोक बाहेरून बघितलं तर एवढं काही मोठं वाटत नाही, पण भिंतीच्या आतल्या बाजूने ओकच्या ढलप्या, काही हातभर लांब, भाल्यासारख्या सुटतात. जहाजावरच्या लढाईत माणसं गोळ्याने कमी आणि ह्या ढलप्यांनी जास्त जखमी व्हायची, हे अनेकांनी लिहून ठेवलेलं होतंच, ते इथे डोळ्यांनी बघायला मिळालं. ज्या तोफांना लढाईत एकदाही उडायची संधी मिळाली नाही, त्यांच्यात किती दम होता हे ३८६ वर्षांनी समजलं.

तुम्ही कधी तिकडे गेलात तर जहाज बघून झाल्यावर तोफेपाशी जा, कान शोधा, राजचिन्ह बघा. मग मागे वळून जहाजाच्या अंगावरच्या खिडक्यांच्या खालच्या ओळीकडे बघा. उघडलेल्या झापांच्या आतल्या बाजूला कोरलेले सिंहांचे चेहरे दिसतील, झाप वर केलं की शत्रूला ते दिसावेत म्हणून कोरलेले. प्रत्येक सिंहाखालून एक तोफ बाहेर येणार होती.